फिकट पट्टे

“ताई, हे का उपटलंत?” धाकट्या जावेने पिशवीतले लिलीचे रोप वर काढले. “हे तर चांगलं धडधाकट आहे की!”

थोरलीने ते तिच्या हातून घेतले. “पट्टा होता पानावर.”

“कुठे? दाखवा बरं.”

तिने पान उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. पान हिरवे होते. अलीकडे तिला सगळीच पाने हिरवी दिसत, आणि धास्ती होती ती त्याचीच.

कंदांच्या या मळ्यात दोघी जावा बरोबरच कामाला येत. वाफ्यांमधून सावकाश चालायचे आणि व्हायरस लागलेली रोपे हुडकायची. पानावर फिकट पिवळसर पट्टे, शेंडा जरासा मुरडलेला. भर उन्हात पट्टे डोळ्यांना चकवतात, म्हणून छत्रीने रोपावर सावली धरायची आणि मग निरखायचे. या रोगाला औषध नाही. एकदा कंदात शिरला की शिरला. पुढे मावा किडा तो रोपारोपावर पोचवतो. रोगी रोप कंदासकट उचलून जाळायला द्यायचे, एवढेच आपल्या हाती.

थोरलीची नजर अशी की बायका तिला थट्टेने ‘दुर्बीण’ म्हणत. पण उन्हाळ्यापासून पिवळा नि हिरवा एकमेकांत मिसळू लागले होते. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत पाहिले आणि म्हणाले, “गेलं ते परत येणार नाही, मावशी. उरलंय ते जपू.” घरी ती हे कुणाशी बोलली नव्हती. रोज पहिल्या रोपाशी ती देवाचे नाव घेई. मागणे कधी मागत नसे. आज मागितले, आणि मागताना जीभ अडखळली.

कारण तिने काल तपासलेल्या वाफ्यात आज सकाळी मुकादमाला अगदी कडेलाच रोगी रोप सापडले होते. तो नुसता तिच्याकडे बघून गेला. एक सुटले की शेजारचे जाणार, मग त्याच्या शेजारचे. पुढच्या हंगामात सगळा वाफाच जाळायचा. त्या भयाने ती जरा शंका आली की रोप उपटत सुटली होती.

जावेने पिशवी रिकामी केली. एकेक रोप पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

“ताई... डोळे?”

ती रोपे पुन्हा पिशवीत भरू लागली.

“अहो, मग एवढं काय त्यात! मी आहे ना. तुम्ही छत्री घेऊन ऐटीत पुढं चला, मी मागून तुमचाही वाफा बघते. त्या मुकादमाला स्वतःच्या मिशीतली शितं दिसत नाहीत, त्याला काय कळतंय!”

एरवी ती खुदकन हसली असती. “आणि तुझ्या वाफ्यात एखादं सुटलं तर?”

“नाही सुटणार.”

“मलाही असंच वाटायचं गं.”

जावेने तिचा दंड धरला. “काढून टाकतील तुम्हाला. घरी बसून काय, भिंती बघाल?”

“दिसतायत तोवर बघेन.”

ती दंड सोडवून थेट शेडकडे गेली. मुकादम पाईप जोडत होता.

“मला पट्टे दिसत नाहीत,” ती म्हणाली. “कालचं माझ्याकडूनच सुटलं. आणि आज चांगली रोपं उपटलीत मी.”

“दुर्बीणबाई, थट्टा करताय का सकाळी सकाळी?”

तिने मान हलवली. त्याने पाईप खाली ठेवला.

“बघायचं काम आता देता यायचं नाही हो. पुढचं मालकांना विचारून सांगतो. आजच्या दिवस जावेबरोबर खणायला लागा.”

ती परतली. जाऊ छत्री धरून पुढे चालली आणि एका रोपापाशी थांबली. “हे घ्या, ताई.”

ती गुडघ्यांवर बसली. माती सैल करून तिने कंद अलगद उचलला आणि पिशवीत टाकला. जाऊ पुढे सरकली.

“थांब,” ती म्हणाली.

मोठ्या कंदाला चिकटलेली बारीक पिल्ले मातीत सुटून राहतात, आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा रोगी रोप उगवते. तिने मनगटापर्यंत हात मातीत घातला, डोळे मिटले आणि ओली माती बोटांतून थोडी थोडी गाळू लागली. खडा आला, मूळ आले. मग तांदळाच्या दाण्याएवढे काहीतरी गुळगुळीत चिमटीत आले. ते तिने पिशवीत टाकले, आणि हात पुन्हा मातीत घातला.