जयवंतीताईंची एकटीची संध्याकाळ

मित्रांनो, शेडमध्ये पोत्याखाली झाकलेली ही तीनचाकी गाडी म्हणजे मी. मला पायांनी नव्हे, हातांनी पॅडल मारून चालवतात. आता माझा रंग उडाला आहे, पण माझा रुबाब विचाराल तर अजून तसाच आहे!

इंदूरला माझा जन्म झाला आणि १९७९ साली मी देवासच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका मराठी घरी आले. त्या घरातल्या जयवंतीताईंना लहानपणी पोलिओ झाला होता. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्या नुकत्याच लागल्या होत्या. त्यांचे दंड चांगले मजबूत होते. पण त्यांनी पॅडलला हात लावला की मोठा भाऊ सुभाष मागून मला ढकलू लागे. हे सारे मायेपोटीच होई, पण ताई पॅडलवरचे हात काढून मांडीवर ठेवत.

दोन वर्षांनी इंदूरची तरुण मंडळी देवासला रॉक संगीतिका घेऊन आली. गिटार, ड्रम आणि रंगीत दिवे! ताईंनी एकच तिकीट आणले.

"एकच?" सुभाष म्हणाला. "मला तर सेकंड शिफ्ट आहे. तुला नेणार कोण?"

"कुणी नाही, दादा. मी एकटी जाणार."

"अगं, गर्दीत कुणी धक्का दिला तर?" आई घाबरून म्हणाली.

"तर मी ओरडेन, आई. आवाज आहे ना मला!"

आणि आम्ही निघालो. सभागृहाच्या अलीकडे चढ होता. ताईंना घाम फुटला, माझी साखळी करकरली, पण आम्ही थांबलो नाही.

दारापाशी मात्र पायऱ्या! दरवान माळवी ढंगाच्या हिंदीत म्हणाला, "बेनजी, गाड़ी बाहर रखो. दो जने उठाके कुर्सी पे बिठा देंगे."

"भिया, मैं तो बैठी ही हूँ. कुर्सी नहीं, जगह चाहिए."

"गाड़ी अंदर कैसे जाएगी?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिले. बाजूच्या दारापाशी फळ्या टाकून स्पीकरच्या मोठाल्या पेट्या आत सरकवत होते. ताई म्हणाल्या, "जैसे वो पेटी गई, वैसे."

दरवानाला हसू आले. तो बाजूला झाला. फळीवर माझे मागचे चाक घसरले तसा तो धावला, पण ताईंनी हात वर करून त्याला थांबवले आणि दात आवळून पॅडल मारले. आम्ही आत!

ड्रम वाजू लागले तसा माझा सांगाडा थरथरू लागला. शेवटच्या गाण्याला सगळे लोक उभे राहून नाचू लागले. समोर नुसत्या पाठी. ताईंना रंगमंच दिसेना. मला वाटले, आता त्या हिरमुसतील. पण त्यांनी पॅडल पकडले आणि मला तालावर पुढे-मागे, पुढे-मागे नाचवले! शेजारच्या बाईंनी सरकून जागा करून दिली. मित्रांनो, त्या दिवशी मी नाचले!

ताई एकट्या जाऊन सुखरूप परतल्या हे पाहिल्यावर सुभाषनेही मला पुन्हा कधी ढकलले नाही. कितीतरी वर्षे ताई स्वतःच मला चालवत कामावर गेल्या.

आता ताईंकडे नवी गाडी आहे. माझी तक्रार नाही. एवढेच करा, हे पोते काढा, माझ्या साखळीला तेल घाला आणि मला अशा कुणाच्या तरी दारी नेऊन उभी करा, ज्याला आज कुठेतरी एकट्याने जायचे आहे.