पाणकणसांपाशी दहा मिनिटं

शेवटचा साधा दिवस शनिवार होता. सुरतेत, डिंडोलीच्या आमच्या घराच्या ओट्यावर नाना पापडी सोलत बसले होते आणि आई त्यांच्या ताटातल्या किडक्या शेंगा वेचून बाजूला टाकत होती.

"दोन वावरवरतून पाखरू दिखस, हातमानी अळी दिखत नही," ती म्हणाली.

नानांना ऐकू गेलं नाही. आई हसत होती म्हणून तेही हसले. अडतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात काढून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मी आणून दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. "ह्या मशीननी ते घरमा लूम चालू कयी दिधी," म्हणाले.

मी निघताना त्यांनी विचारलं, "सकाय येशी का?" उद्या, रविवारी, तळ्यावर पक्ष्यांची मोजणी होती. मी हवेत लिहिल्यासारखं बोट फिरवून दाखवलं: वह्या तपासायच्या आहेत. वह्या होत्या, पण चारच होत्या. नाना "बरं" म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

सकाळी बूट घालून ते दाराशी भिंतीला टेकून बसले. आईला वाटलं, कुणाची तरी वाट बघताहेत.

तळ्यावर न जाण्याची कारणं मी वीस वर्षं काढत होते. त्यांना वाटायचं, मोठी झाली, कामं वाढली. खरं कारण एका पक्ष्याचं होतं.

नानांना तळ्यावर पहिल्यांदा नेलं ते मनसुखकाकांनी. काका कतारगामला हिरे घासायचे. दर रविवारी दहा-बाराजणांना जमवून ते तळ्यावर पक्षी मोजत, काठावरचं प्लास्टिक उचलत, उत्तरायण, म्हणजे संक्रांत झाली की बाभळींत अडकलेला पतंगांचा मांजा काढत. मी नऊ वर्षांची असताना नाना मला सोबत नेऊ लागले. सायकलच्या दांडीवर टॉवेलची घडी, तिच्यावर मी. थंडीत त्यांच्या मफलरला खोबरेल तेलाचा आणि लूमच्या तेलाचा मिळून एक वास यायचा. तो मी अजूनही कुठल्याही गर्दीत ओळखीन.

तळ्याभोवती थांबायच्या सहा जागा ठरलेल्या होत्या. प्रत्येक जागी दहा मिनिटं, न बोलता. दिसलेले पक्षी नाना मोजायचे आणि ऐकू आलेले मी सांगायची. मनसुखकाकांकडे पक्ष्यांच्या आवाजांची एक कॅसेट होती, ती मला पाठ झाली होती. काका नानांना पंडितभाई म्हणत. ते सगळ्यांना सांगत, "पंडितभाई कान घेर नथी भूल्या. जुओ, साथे लाव्या छे," आणि नानांचे कान म्हणून माझ्याकडे बोट दाखवत. नानांना काय चाललंय ते कळायचं नाही, पण आपल्या लेकीचं काहीतरी चाललंय एवढं कळायचं. मग ते उगाच मफलर नीट करायचे.

सहावी जागा पाणकणसांच्या उंच गवताच्या कोपऱ्याची होती. तिथे नाना दहाची वीस मिनिटं करायचे. त्यांना तिथे तांबूस फटाकडी हवी होती. हा कोंबडीच्या पिल्लाएवढा, गवतातून सहसा बाहेर न येणारा पक्षी. तो असतो तिथेही दिसत नाही, ऐकूच येतो. म्हणजे नानांच्या वाट्याला तो माझ्यामार्फतच येणार होता. तीन हिवाळे त्यांनी तिथे उभं राहून मला विचारलं होतं, "बोलनी का?"

मी चौदाची होते. दोन दिवसांनी उत्तरायण. गल्लीत मांजा रंगवणारा आला होता, माझी मैत्रीण मयुरी फिरकी घेऊन नऊ वाजता थांबणार होती. पावणेनऊ झाले तरी नाना पाणकणसांसमोरून हलेनात.

"बोलनी का?"

"बोलनी," मी म्हणाले. "दोनदा."

त्यांना ओठांवरून कळलं. तरी त्यांनी कान पुढे आणला. "कथी बाजूले?"

"उजवी बाजूले."

त्यांनी वही काढली. अक्षर वळणदार नव्हतं, पण ते सावकाश, दाबून लिहायचे. मनसुखकाका धावत आले आणि आवाज कसा होता ते विचारू लागले. मी कॅसेटमधला काढून दाखवला. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, या तळ्यावर ही पहिलीच नोंद. घरी जाताना नानांनी सायकल थांबवून मला नवी फिरकी घेऊन दिली. मी मागितली नव्हती.

त्यानंतर ती फटाकडी कुणीच ऐकली नाही. नाना दर रविवारी तिथे उभे राहून मला विचारत, आणि मी नाही म्हणायची. बारावीनंतर मी जाणंच सोडलं. ऐकू येत नसतानाही ते मात्र एकटे तिथे उभे राहत. मी एकदा विचारलं होतं, कशाला? तर म्हणाले, "ती शे ना तठे." ती तिथे आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

नानांची दशक्रिया झाली, नंतरच्या रविवारी मनसुखकाकांचा निरोप आला. तळ्याच्या पक्ष्यांची यादी छापायची आहे, पंडितभाईंच्या नावानं. छापण्याआधी एकदा बघून जा.

मी गेले. काका आता काठी घेऊन चालतात. शीतल नावाची कॉलेजातली मुलगी मोजणीची सगळी व्यवस्था बघते. तिने मला कागद दिले. शहाऐंशीव्या क्रमांकावर फटाकडी होती, पुढे नानांचं नाव आणि तारीख.

"काकांनी सांगितलंय," शीतल म्हणाली, "नानांना एकोणचाळीस दिसले तर ते चाळीस लिहायचे नाहीत. आम्हा नवीन लोकांना हेच पहिल्या दिवशी शिकवतात."

सहाव्या जागी सगळे थांबले. पाणकणसं तेवढीच उंच होती. काका म्हणाले, "अहीं वीस मिनिट. पंडितभाईनी," आणि घड्याळ बघून गप्प झाले. चौदा माणसं होती. कॉलेजची पोरं, एक साडीच्या दुकानातला, नानांच्या कारखान्यातले सुकदेवमामा. सगळ्यांनी माना उजवीकडे कलत्या केल्या होत्या. नाना करायचे तशाच. ज्यांचे कान चांगले होते तेही हाताचा पंजा कानामागे धरून उभे होते.

पाण्यावरून पाणकोंबडी ओरडली. दूर कुठेतरी ट्रक मागे घेत होते. बाकी काही नव्हतं.

वीस मिनिटं झाल्यावर काका माझ्याकडे वळले. "दीकरी, तारा कान जेवा कोईना नथी. कंई संभळायुं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. शीतलने पेन उघडलं. हो म्हटलं असतं तर तिने लिहून घेतलं असतं.

"नाही काका," मी म्हणाले. "आणि तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. मला घरी जायचं होतं, म्हणून मी नानांना खोटं सांगितलं."