मधली जागा

“वैष्णवी, दोन्हीकडं सारखं असेल तेवढंच मधल्या जागेत लिहायचं,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

फळ्यावर एकमेकांत शिरलेले दोन गोल होते. खिचडीच्या पातेल्याचं झाकण धरून काढलेले, कारण माझ्या हातचा गोल कायम बटाट्यासारखा येतो. एकात ‘आपलं गाव’, दुसऱ्यात ‘ऊसतोडीचा तळ’. राणीसावरगावच्या माझ्या सहावीतल्या अर्ध्या मुलांनी दोन्ही पाहिलेलं. तुलना शिकवायला याहून सोपं काय असणार? बाकीच्यांनी मध्ये सूर्य, चंद्र लिहून सुटका करून घेतली होती. वैष्णवीनं लिहिलं होतं: पाणी भरणे, भाकरी करणे, धुणे, भांडी.

“अगं, ते तिकडचं ना? त्या गोलात लिही.”

“हितं बी तेच करते की, बाई. आजीचे गुडघे लय दुखायलेत.”

दसऱ्यानंतर तिचे आईवडील ऊसतोडीला निघाले, तेव्हा पंधरा दिवस त्यांचं डोकं खाऊन मीच तिला आजीपाशी ठेवून घेतलं होतं. पोरीचं बालपण वाचवलं, असं इतर शिक्षकांपुढे मिरवूनही झालं होतं.

शाळा सुटल्यावर सरळ तिच्या घरी गेले. वैष्णवी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिची आजी नागुबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेली.

“या धम्मशीला बाई, बसा. लय गुणाची हाय पोर. पहाटं उठून समदं करती, मंग साळंत येती.”

मला माझीच लाज वाटली. “वैष्णवी, आईकडं जायचंय का तुला? खरं सांग. मी बाबांना फोन लावते.”

तिनं भाकरी उलटली. तव्याकडं बघतच म्हणाली, “तिकडं काम झालं की पुन्यांदा कामच असतंय. हितं काम झालं की साळा हाय. मी हितंच राहते.”

एवढंसं मागणं, आणि तेवढ्यावर ती खूश होती. मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी पदर खोचला, “सरक” म्हटलं आणि परात पुढ्यात ओढली. उरलेल्या भाकरी मी थापू लागले.

वैष्णवी बाजूला झाली. आता काय करायचं, ते तिला कळेना. तिनं हाताचं पीठ झटकलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बाहेर खेळणाऱ्या मुलींचा आवाज ऐकत नुसती बसून राहिली.