वेदीवरची नीळ

पाचूबंदरात पांढऱ्या कपड्याचा विषय निघाला की आधी नाव यायचं व्हेरोनिकाबाईंचं. कोळ्याच्या घरात माशाचा वास पडद्यालाही लागतो, पण चर्चमध्ये वेदीवर अंथरायची वस्त्रं बाई अशी धुवायच्या की विचारू नका. साबण, उकळतं पाणी आणि शेवटी नीळ. हे काम सासूकडून आलेलं. ते दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर बाईंना अन्न गोड लागलं नसतं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. बाईंचं म्हणणं, नजर ठणठणीत आहे, हल्लीचा साबणच खोटा. कपडा कितीही चोळा, पिवळा तो पिवळाच. मग त्या आणखी नीळ घालायच्या आणि सुनेला, बेलाला विचारायच्या, झाला ना पांढरा? बेला हो म्हणायची. शेवटी एकदा समोरून येणाऱ्या फादरना पाववाला समजून त्यांनी पाव मागितले, तेव्हा मुलाने ऑपरेशनचं नक्की केलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. आधी उजवा डोळा, डावा मागाहून. भूल डोळ्यापुरती, दुखणार नाही, त्याच दिवशी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी निघेल, मग काळा चष्मा आणि थेंब. महिनाभर डोक्यावरून पाणी नाही, वाकणं नाही, घागर उचलणं नाही. डोळा चोळायचा तर नाहीच. सुरुवातीला सगळं जरा निळसर दिसेल, घाबरायचं नाही, सवय होईल. धुणं बंद म्हटल्यावर बाईंचा जीव खालीवर झाला. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी वेदीची झाडून सगळी वस्त्रं धुऊन, इस्त्री करून फादरकडे पोहोचवली.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. पट्टी निघाली तर भिंत निळसर, भात निळसर, बेलाचं तोंडही निळसर. बाई निर्धास्त होत्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. हळूहळू भात भातासारखा दिसू लागला, भिंतीचा चुनाही पांढरा झाला. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मात्र वेदी निळी. पुढच्या रविवारीही निळीच. बाईंनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, तर कापड छान पांढरं. म्हणजे नवा डोळाच बिघडला.

डॉक्टरांकडे जाऊन त्या तावातावाने बोलल्या. डॉक्टरांनी कापसाचा बोळा समोर धरला आणि विचारलं, हा कसा दिसतो? पांढरा. ही चादर? पांढरी.

घरी येऊन त्यांनी बेलाला समोर बसवलं.

“कपडा निळा होता. तू हो का म्हनलीस?”

“कोन बोलनार, आय?” बेला म्हणाली. “तुमच्या हातचं काम काढून घ्यायचं होतं काय? फादर म्हनाले, असू दे, निळा तर मरियामातेचा रंग.”

बाईंना अपमानाने रडू आलं, आणि डोळ्याला जपायचं म्हणून तेही धड रडता येईना. सगळं गाव वेदीकडे बघून गालातल्या गालात हसलं असणार. आता फादरना सांगून हे काम सोडायचं, असं त्यांनी ठरवलं. पण सोडायचं तर वेदी निळी ठेवून नव्हे. महिना सरला तशी त्यांनी वस्त्रं परत आणली आणि नीळ न घालता, निळेपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढली.

त्या रविवारी वेदी पांढरी होती. मिस्सा संपली की फादरना गाठायचं, हे बाईंच्या मनात घोळत होतं. शेजारी लहानपणची मैत्रीण कॅथरिन बसली होती. ती हळूच कानाशी लागली.

“व्हेरोनिका, कपडा पिवळा दिसतो गो. नीळ कमी पडली काय?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या बुबुळांवर साय धरल्यासारखी दिसत होती. पुढच्या वेळी जास्त घालते, एवढं म्हटलं की विषय मिटत होता. बेलाला हो म्हणणं किती सोपं गेलं असेल, ते बाईंना आत्ता कळलं. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

“कपडा पांढराच हाय. डोळे तुजे बिघडलेत. उद्या डॉक्टरकडं चल, मी येते तुज्या संगती.”

कॅथरिन तोंड फिरवून बसली ती मिस्सा संपेपर्यंत. फादर दारात उभे होते, पण त्यांच्याकडे जायचं बाईंच्या ध्यानातही राहिलं नाही. बाहेर आल्यावर कॅथरिनने त्यांचा दंड धरला.

“दुखतं काय गो?” तिने विचारलं.

“डोळा नाय दुखत,” बाई म्हणाल्या.