उन्हावर टाकलेला पडदा

ते दोन हजार तेरा साल. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली वीज रोज दुपारी जायची, आणि आमच्या ह्यांचा श्वास विजेवर चालायचा.

छाती पार दमली होती त्यांची. नाकाला नळी आणि पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली की मशीन एक लांब शिटी मारायचं आणि मी कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे धावायची. एकदा सिलिंडर संपत आला आणि नवा आणणारा माणूस वेळेवर पोचलाच नाही. ह्यांचे ओठ निळे पडलेले मी त्या दिवशी पाहिले. संध्याकाळी दिरांना सांगितलं, "भाऊजी, आता सोलर बसवायचं. चर्चा नको."

आमची खाली लाँड्री होती, वर दोन्ही भावांचे संसार आणि त्यावर गच्ची. दीर जन्मभर वायरमन. घरातलं एकूण एक बटण त्यांच्या हातचं. त्यामुळे दुकानातून इंजिनियर मुलगी आली तेव्हा ते हाताची घडी घालून, परीक्षा घ्यायला बसल्यासारखे बसले. मुलगी शांत होती. काय काय चालवायचंय ते तिनं विचारलं. दिरांनी इस्त्र्यांपासून सुरुवात केली. ती म्हणाली, इस्त्र्या विसरा. मशीन, एक पंखा, दोन दिवे, एवढंच धरू, म्हणजे ढग आले तरी बॅटरी दगा देणार नाही. ह्यांनी पलंगावरून नळी सावरत विचारलं, "आणि मी किती वीज खातो ते धरलंत ना?" तेव्हा कुठे सगळे हसले.

ठरलं असं, की पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी तिच्या दुकानातून घ्यायची, वायरिंग मात्र घरचं. दुसऱ्या कुणी आमच्या भिंतीला हात लावला असता तर भाऊजी जेवले नसते. मुलीनं फार ताणून धरलं नाही. जाताना फक्त म्हणाली, "काका, गच्चीवरून येणाऱ्या वायरीचा स्विच तेवढा आमचा घ्या. साधा चालत नाही तिथं."

इथेच आमच्या घराची खोड आडवी आली. आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून पडलेल्या बटणांचे डबे होते, फुटक्या बादल्यांत रोपं होती. आणि माळ्यावर जुन्या इस्त्र्यांच्या लाइनचा एक स्विच होता, काळा, जडशीळ, उखळासारखा. दुकानातली प्लास्टिकची डबी पाहून भाऊजी म्हणाले, "हे खेळणं लावू? आपल्या स्विचनं आयुष्यभर इस्त्र्यांचा मार खाल्लाय." तोच स्विच ह्यांच्या खोलीच्या दाराशेजारी, बोळात, लाकडी पाटीवर बसला. मला तो भरवशाचा वाटला. दिसायलाच दणकट होता.

गच्चीवर आणखी एक लढाई चालली होती. पॅनेलांनी माझ्या जावेच्या कपडे वाळवायच्या दोऱ्यांची जागा खाल्ली. ती हट्टानं शेजारीच दोरी बांधायची. एकदा तिच्या चादरीची सावली पॅनेलांवर पडली आणि खाली इन्व्हर्टरवरचा विजेचा आकडा धपकन उतरला. भाऊजी जिन्यातूनच ओरडले, "तुझ्या चादरीनं दादाची वीज खाल्ली." तेव्हापासून ती त्यांना चिडवायची, की तुमच्या सूर्यापेक्षा माझी चादर मोठी.

काही दिवस सुखाचे गेले. वीज जायची आणि आम्हाला कळायचंही नाही.

मग ती दुपार आली. ऊन मी म्हणत होतं. वीज गेलेली होती, मशीन सोलरवर चालू होतं. इन्व्हर्टरमधून बारीक टकटक ऐकू येते म्हणून भाऊजी स्क्रू आवळायला आले. आधी पॅनेलांची वीज तोडावी, असा शहाणा विचार करून त्यांनी तो काळा स्विच खाली ओढला.

स्विच उघडला, पण वीज थांबली नाही. आत गुरगुर सुरू झाली आणि फटीतून निळा-पांढरा उजेड फुटला. त्यांनी दांडा पुन्हा वर ढकलला, तर तो अर्ध्यातच चिकटला. काळं झाकण मेणासारखं ओघळायला लागलं आणि मागची पाटी धुमसू लागली.

कारण मला नंतर कळलं. घरातली वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळे स्विच उघडला की तिची ठिणगी आपसूक विझते. पॅनेलांची वीज एकाच दिशेनं सरळ वाहते. नुसती फट पाडली तर ती फटीतूनही जाळ होऊन वाहत राहते. तेव्हा मला दिसत होतं एवढंच, की दाराशेजारी आग आहे, आणि दाराच्या आत ऑक्सिजन आहे.

मी मोरीतली भरलेली बादली उचलली. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, पाणी नको. जीव जाईल."

"मग मेन बंद करा."

"मेन बंदच आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "ही वरून येतेय. उन्हाला बटण नाही."

मी पदर नाकाला लावून धुरातून खोलीत गेले. मशीन बॅटरीवर सुरूच होतं, इमानदारीत खोलीभर ऑक्सिजन सोडत. ते चालू ठेवावं तर आग भडकेल, बंद करावं तर ह्यांचा श्वास. माझा हात बटणावर अडकला. ह्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"बंद कर. तेवढं मी ओढतो."

मी बंद केलं. त्यांना मागच्या खिडकीशी बसवलं, गजांना तोंड लावून. मागून जिन्यातून जावेची हाक आली, "ताई, वर या. मला एकटीला उचलत नाही."

मला उठवेना. ह्यांनी मान हलवली, जा म्हणून. बोलायला श्वास नव्हता त्यांच्याकडे.

गच्चीवर जाऊ अनवाणी, चटके खात उभी होती. तिनं दोरीवरच्या चादरी ओढून पॅनेलांवर टाकल्या होत्या. पण पांढऱ्या चादरीतून ऊन झिरपतंच. भाऊजी खालून ओरडून सांगत होते, कमी झालं, विझलं नाही. कठड्यावर आमच्या लाँड्रीत धुवायला आलेला, गावातल्या नाटकाच्या हॉलचा पडदा वाळत होता, गर्द निळा, मखमली, अजून ओला. दोघींनी एकेक टोक धरलं. ओल्या मखमलीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. पहिल्या रांगेवर ओढला. दुसऱ्या रांगेवर सुरकुतला आणि अडकला. जाऊ तापलेल्या चौकटीवर गुडघा टेकवून वाकली आणि तिनं तो शेवटच्या पॅनेलाच्या कडेपर्यंत खेचला.

खालची गुरगुर थांबली.

मी जिना कशी उतरले आठवत नाही. भाऊजी बोळातल्या पाटीवर वाळू फेकत होते. हे खिडकीशी तसेच, गजांना धरून, ओठ निळे. बोळाचं दार लावलं, धूर थोडा निवळू दिला आणि मशीन सुरू केलं. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. रंग परतला तेव्हा दाराशी उभ्या भावाकडे बघून हे म्हणाले, "वायरमन, स्विच फारच दणकट निघाला रे."

भाऊजी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंड झाकून रडले.

इंजिनियर मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. सोबत तिच्या दुकानातला तो स्विच होता. तिनं वायरी नव्यानं ओढल्या, आणि भाऊजी तिच्यामागे टॉर्च धरून उभे राहिले, हाताची घडी न घालता. पुढे ती मोठ्या शहरात गेली. तिकडून कधीतरी फोन करते आणि आधी काकांना मागते.

आमचे हे त्यानंतर दोन उन्हाळे होते. गेले ते पहाटे, झोपेत, मशीन व्यवस्थित चालू असताना. भाऊजींची नजर अधू झाली, पण नवा स्विच ते रोज बोटांनी चाचपतात. जावेच्या गुडघ्यावर त्या चौकटीचा डाग आहे. तिच्या दोऱ्या गच्चीच्या दुसऱ्या बाजूला गेल्या, आणि त्या भाऊजींनी स्वतः बांधून दिल्या. जळका स्विच भंगारात गेला. आमच्या घरातून टाकून दिलेली ती पहिली वस्तू.

हॉल बंद पडला, पडदा न्यायला कुणी आलं नाही. तो गच्चीच्या दाराआड घडी करून ठेवलाय. जाऊ आणि मी दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो उलगडतो, कसर लागली नाही ना बघतो, एकेक टोक धरून पुन्हा घडी घालतो. आता आम्ही दोघीही म्हाताऱ्या. तो पूर्वीपेक्षा जड लागतो.