पाठमोरी नोरा

नोराला आपल्या डोक्याचा अभिमान होता आणि तो काही उगाच नव्हता. तारोडीच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे घालताना एकजण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. वाटे घालणारा एकेकावर बोट ठेवून "कुनाचा?" विचारतो आणि पाठमोरा नाव घेतो. मग कुणाला कुरकुरायला जागा उरत नाही. लढाईच्या दिवसांत सरकारी तांदूळ येऊ लागला, एक पोतं बरं तर दुसरं किडकं, आणि बायका एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या. तेव्हा नोराने हीच रीत तांदळाला लावली. भांडणं मिटली. रेशनचे साहेब बघून गेले आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना तसा हुकूम निघाला. रेशनचं दुकान कुणाला द्यावं, असं साहेबांनी विचारलं, तर नोराने धाकट्या दिराचं, मॅन्युएलचं नाव सुचवलं. घरचा माणूस, दुसरं काय!

नावं घ्यायला नोराच उभी राही. शेवटचा वाटा उचलेपर्यंत मागे बघायचं नाही, हा तिचा नेम. तिचा वाटा मॅन्युएल पिशवीत भरून घरी पाठवी. तांदूळ चांगला असे. सरकारला अक्कल आली, असं ती भाबडी समजून चालली.

एकदा शेजारची व्हेरा विस्तव मागायला आली आणि चुलीवरच्या भाताकडे बघत राहिली.

"आमच्या वाट्याला किडे नि खडे," ती म्हणाली. "चांगली पोती तू उभी रायच्या आधीच तुझा दीर दुकानात आत टाकतो. गावाला ठावं हाय. तू सामील हाय, असंच समदी बोलतात."

नोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मॅन्युएलला जाब विचारला, तर तो हसला. तुझा भात चांगला शिजतोय ना, मग गप खा, म्हणाला. ती तडक ठाण्याला रेशनच्या साहेबांकडे गेली. नावं घेणारी पाठ करून उभी राहते ना, एवढंच साहेबांनी विचारलं. राहते, म्हणाली. मग नियम पाळला जातोय, असं सांगून साहेबांनी तिच्या कल्पनेची तारीफ केली आणि तिला वाटेला लावलं.

पुढच्या वाटपाला नोरा वाट्यांकडे तोंड करून उभी राहिली. आधी आतली पोती बाहेर काढ, असं तिने मॅन्युएलला सगळ्यांदेखत बजावलं. तिने व्हेराकडे पाहिलं. व्हेराची तिला खात्री होती.

मॅन्युएल शांतपणे म्हणाला, नियमाला पाठमोरं माणूस लागतं, दुसरं कोण उभं राहतंय?

व्हेरा पुढे झाली.

"माझ्याबी चुलीवर चांगला शिजू दे, नोरा," ती हळूच म्हणाली आणि तिने वाट्यांकडे पाठ केली.

दिरावरचा राग नोराने गिळला असता. व्हेराचं हे तिला गिळवेना. तिचं नाव आलं तेव्हा तिने आपला किडका वाटा ओच्यात घेतला, कारण घरात दुसरं काही नव्हतं.