भरणाऱ्याने मागे चालायचं

फाल्गुन सरत आला होता आणि सुळाईगडावर ऊन दात-ओठ खाऊन तुटून पडलं होतं. वणव्याने चाटून काढलेले उतार, उतारांवर काळी राख, राखेतून वर आलेले वज्रकठोर कातळ, आणि त्या साऱ्या काळेपणात रक्तवर्णी, निष्पर्ण, उन्मत्त उभे पळस. पश्चिमेचा वारा कड्यावर येऊन आदळे, माघारी फिरे, पुन्हा येऊन आदळे. सकाळचे सातच वाजले होते, तरी दगड तापायला लागले होते.

खाली नदी होती. नदी आपली नावाला. पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त. पुरामागून पुराचा मार खाऊन गोल झालेले, मुके, निळेकाळे दगड. त्या दगडांना आज डोंगर चढायचा होता.

ते चढवणारी माणसं पात्रात वाकून उभी होती. पायवाट मंडळाची माणसं ती. कुणी शिंपी, कुणी पोस्टातली, कुणी निवृत्त बाई. दरसाल ज्येष्ठाच्या सुरुवातीला ती हिमालयात जात, बारा दिवस, घरदार पाठीवर बांधून. त्यासाठी हिवाळाभर दर रविवारी बारा बारा किलोच्या सॅका पाठीला लावून सुळाईगड चढायचा. वजन म्हणून दगड न्यायचे, आणि ते वरच्या ढासळलेल्या तटात नेऊन बसवायचे. पायही घडत, तटही घडे. सात वर्षांत दोन पुरुष उंचीची भिंत उभी राहिली होती, हे काय थोडं झालं?

मंडळ चालवणारे लाड मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे तीन नियम. आपली सॅक आपण भरायची नाही, कारण स्वतःची भरताना हात आखडतो. एका रविवारी अर्ध्यांनी वाहायचं, पुढच्या रविवारी उरलेल्या अर्ध्यांनी; न वाहणाऱ्याने टोपीतून चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव निघेल त्याची भरायची. ज्याने भरली त्याने वाहणाऱ्याच्या मागे चालायचं. आणि ज्याने भरली त्यानेच ती उघडायची, तीही गडावर. वाटेत उघडली तर त्या वर्षी हिमालय विसरायचा.

आजचा रविवार परीक्षेचा होता, यंदा हिमालयाला कोण जाणार ते ठरवणारा. मास्तरांनी टोपी पुढे धरली. शैला गुरवने चिठ्ठी उचलली, उलगडली, वाचली, आणि तिच्या कानात रक्ताचा नगारा वाजू लागला.

चिठ्ठीवर दिगंबर ओतारीचं नाव होतं.

ऐका, मग कळेल तिला काय झालं ते. सहा वर्षांपूर्वी, अशाच भाजणाऱ्या फाल्गुनात, भरदुपारी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर एका जीपने शैलाच्या धाकट्या भावाला उडवलं. जयवंत नाव त्याचं. चोवीस वर्षांचा, हसरा, सायकलवरून गिरणीत धान्य पोचवणारा. जीप थांबली नाही. जयवंत रस्त्याच्या कडेला पाऊण तास जिवंत पडून होता, दुधाचा टेम्पो येईपर्यंत. टेम्पोवाल्याने सांगितलं, पोरगा पाणी मागत होता.

जीप दिगंबरची होती. पण कोर्टात तो म्हणाला, चालवणारा मी नव्हतो. पाहणारं कुणी नव्हतं. सुटला.

त्या दिवसापासून शैलाला एकच गोष्ट हवी होती. फाशी नको, तुरुंग नको. त्याच्या तोंडून एवढंच, की जीप मी चालवत होतो. त्या एका वाक्यासाठी ती सहा वर्षं जळत होती. ती राबे त्या पिठाच्या गिरणीत जात्याचा पट्टा फिरे, पिठाचा धुरळा उडे, आणि ती मनातल्या मनात त्याची मानगूट धरून ते वाक्य बाहेर ओढत असे. हा राग घरात मावेना, म्हणून ती डोंगरावर आली. डोंगराने चार वर्षं तो मुकाट्याने सोसला.

आणि यंदा दिवाळीनंतर तोच दिगंबर मंडळात दाखल झाला. जीप विकून टाकलेला, कुठेही पायी जाणारा, पन्नाशीतला, खाली मान घातलेला माणूस. शैला मास्तरांशी कडाकडा भांडली. मास्तर म्हणाले, "शैलाताई, डोंगर काही मंडळाच्या मालकीचा नाही. येऊ दे त्याला." तिने माघार घेतली, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पाच महिने दोघं एकाच वाटेवरून चालत होती आणि मध्ये जयवंत आडवा पडलेला होता.

तर आता चिठ्ठी तिच्या हातात होती.

ती पात्रात उतरली. पिठाच्या गिरणीत तिची वीस वर्षं गेलेली. पायलीभर जोंधळा असो की मूठभर मेथी, तिच्या हाताला काट्याशिवाय वजन कळे. पहिला दगड दोन किलोचा. दुसरा दीडचा. निळा, काळा, तांबूस, पुन्हा काळा. बारा किलो झाले तिथे तिचा हात क्षणभर थांबला. मग खाली गेला आणि पुन्हा वर आला. तेरा. पंधरा. अठरा. प्रत्येक दगड ती आत आपटत होती, आणि प्रत्येक आपटण्यासरशी तिच्या छातीतला तो पाऊण तास फुटून सांडत होता. बावीस किलोला तिने दोरी आवळली. चुकून भरले असं तिला कधीच म्हणता येणार नव्हतं.

दिगंबरने सॅक उचलली. पट्टे खांद्यात रुतले, गुडघे वाकले, मानेची शीर ताठरली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याने पोटावरचा पट्टा आवळला, छातीवरचा आवळला, आणि तो मुकाट चालू लागला.

ती त्याच्या मागे. नियमच होता तो.

चढण सुरू झाली. राखाडी, रणरणती, राक्षसी चढण. पुढचे पुढे निघून गेले. दिगंबर मागे पडला, आणि म्हणून शैलाही मागे पडली. त्याचा सदरा घामाने काळा झाला. त्याच्या टाचेखाली जळकं गवत कुरकुरे, राख उडे, तिच्या नाकातोंडात जाई. दर वळणावर त्याचा श्वास फाटत होता. ती ऐकत होती, आणि खोटं कशाला सांगू, तिला ते ऐकायला बरं वाटत होतं.

मग आडवी वाट आली. डावीकडे सरळसोट कडा, उजवीकडे सरळसोट दरी, आणि मधोमध हातभर रुंदीचा घसारा. पाय ठेवावा तर मुरूम सुटून खाली धावतो. मास्तर आणि बाकीचे डोंगराच्या खांद्यापलीकडे वळलेले. वाऱ्याचा जोर असा की हाक मारली असती तरी वाऱ्यानेच खाल्ली असती.

सातव्या पावलाला दिगंबरचा पाय निसटला.

मुरूम सुटला, माती सुटली, माणूस सुटला. सॅकने त्याला उजवीकडे खेचलं, तो छातीवर आपटला, कमरेखालचा सगळा दरीत गेला, आणि दोन्ही हातांत जळक्या कारवीचं एक खोड सापडलं. गाल दगडावर सोलवटला. रक्त ओघळून राखेत मिसळलं. पाठीवर बावीस किलो नदी बसली होती आणि त्याला खाली, खाली, आपल्या पात्राकडे ओढत होती.

शैला चार पावलांवर उभी होती.

ती उभीच राहिली. एक श्वास. दुसरा श्वास. तिच्या आत कुणीतरी आनंदाने ओरडत होतं, पड, पड, पड. काही करावंही लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. कारवीचं मूळ करकरलं. तिसरा श्वास.

दगडाला तोंड लावून दिगंबर म्हणाला, "ताई, तुम्ही जावा पुढं. वर सांगा, पाय घसरला म्हणून. वजनाचं कुणाला बोलू नका."

आणि शैलाच्या डोक्यात वीज कोसळली. दया नव्हे. दया तिच्याजवळ नव्हतीच. संताप आला तिला, लालभडक, आंधळा, सहा वर्षांचा. हा पुन्हा निघाला होता. पुन्हा उत्तर न देता, पुन्हा तिला वळणावर एकटी टाकून.

"परत पळतोस व्हय?" ती म्हणाली.

ती गुडघ्यांवर कोसळली, डावा हात तिने सॅकच्या वरच्या पट्ट्यात कोपरापर्यंत अडकवला, पाय कड्याच्या कपारीत रोवले. पट्टे त्याच्या अंगाखाली आवळलेले, सुटण्याजोगे नव्हते. तो जडशीळ. ती त्याच्या कानाशी वाकली.

"कोण चालवत हुतं जीप?"

"मी."

आलं ते वाक्य. सहा वर्षं ज्यासाठी ती जळली ते आलं, आणि तिने मनाच्या तळहातावर घेऊन पाहिलं तर त्याला वजनच नव्हतं. दरीच्या तोंडाशी माणूस काहीही कबूल करतो. तिला ते सपाट जमिनीवरचं हवं होतं.

म्हणजे याला आधी जमिनीवर आणणं भाग होतं.

उजव्या हाताने तिने दोरी तोडली आणि ती आपण भरलेले दगड बाहेर ओढू लागली. निळा गेला. काळा गेला. तांबूस गेला. दरीत ते कड्यावर आदळत, फुटत, ठिणग्या उडवत गेले, आणि खालून त्यांचे आवाज उशिराने वर आले. नखं तुटली. खांदा उखळीतून निघतो की काय असं झालं. वजन ओळखणारा तो हात आज काही मोजत नव्हता. शेवटचा दगड गेला तेव्हा ती मागे रेलली आणि पोतं ओढावं तसं तिने त्याला ओढत, फरफटत, वाटेवर घेतलं.

मग तिने त्याला मारलं. दोन्ही हातांनी, तोंडावर, छातीवर, दात आवळून, जयवंतचं नाव घेत मारलं. त्याने हात वर केले नाहीत. तिचे हात दमले तेव्हा ती थांबली, आणि दोघं रक्ताने, राखेने माखलेली, एकमेकांपासून हातभर अंतरावर धापा टाकत बसून राहिली.

काही वेळाने तो उठला. ती त्याच्या मागे उठली.

गडावर तटापाशी सगळे वाट पाहत होते. मास्तरांनी दोघांची तोंडं पाहिली, रिकामी लोंबणारी सॅक पाहिली.

"दगड कुठे आहेत, दिगंबर?"

"सांडले, सर. माझाच पाय घसरला."

"सांडले नाहीत," शैला म्हणाली. "मी टाकले. वाटेत उघडली मी. बारा भरायचे होते, मी बावीस भरले. मुद्दाम भरले."

मास्तरांनी हलक्या आवाजात विचारलं, "हा मरावा म्हणून?"

"होय."

तिचा यंदाचा हिमालय तिथेच संपला, हे तिलाही कळलं, सगळ्यांना कळलं. हिवाळाभराची चढण त्या एका होकारात दरीत गेली. तिने मान खाली घातली नाही.

तेव्हा दिगंबर पुढे आला. सपाट, रुंद, उन्हाने उजळलेल्या कातळावर तो दोन पायांवर उभा होता. त्याला कुणी धरलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

"यांच्या भावाला माझ्या जीपनं उडवलं," तो म्हणाला. "जीप मीच चालवत होतो. आरशात बघितलं मी. हात हलवत होता तो. मी थांबलो नाही. कोर्टात खोटं बोललो."

शैलाने तटाचा आधार घेतला. सात वर्षांच्या त्या भिंतीला कपाळ टेकून ती रडली, मोठ्याने, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. तिने त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. तिने माफ केलं नाही, पुढेही करणार नव्हती. पण तो पाऊण तास आता एकट्या तिच्या पाठीवर नव्हता.

मग मास्तर भिंतीतली मोकळी जागा दाखवून म्हणाले, "यंदा तुम्ही दोघंही नाही. पण ही जागा भरायची राहिली आहे."

दोघं खाली उतरली. नदीच्या पात्रात दुपार पांढरी होऊन पेटली होती. दिगंबरने सॅक उघडून तिच्यासमोर धरली.

"बावीस भरा," तो म्हणाला.

"बारा," ती म्हणाली, आणि वाकली. दगडामागून दगड तिने आत ठेवला, आपटला नाही, ठेवला. बारा किलोला तिचा हात थांबला आणि तुटल्या दोरीची गाठ तिने दोनदा मारली.

पुन्हा ती चढण. पुन्हा ती राख, ते पळस, तो पिसाळलेला वारा. तो पुढे, ती मागे. सकाळी दुखावलेला तिचा खांदा आता ठणकू लागला होता, पावलं जड पडत होती, अंतर वाढत होतं. एका वळणावर तो दिसेनासा झाला. तिने हाक मारली नाही.

आडव्या वाटेच्या तोंडाशी, जळक्या कारवीचं ते अर्धं उपटलेलं खोड जिथे दरीवर लोंबत होतं, तिथे ती वळून आली. ऊन डोळ्यांत घुसत होतं. तिने डोळ्यांवर आडवा हात धरला.

दिगंबर तिथे उभा होता. बारा किलोचं ओझं पाठीवर घेऊन, कड्याला खांदा लावून, मागे वळून तो तिच्या वाटेकडे पाहत होता. वारा त्याला ढकलत होता, पायाखालचा मुरूम सुटत होता, आणि ती पोचेपर्यंत तो थांबून राहिला.